चार जादा दातांचा राजा

दोस्तांनो, ५ सप्टेंबर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अर्थातच शिक्षकदिन! सरांना गुलाबाचं फूल, बाईंना हातानं केलेलं भेटकार्ड, आणि दहावीची एखादी ताई साडी नेसून, एका दिवसापुरती 'बाई' होऊन पाचवीच्या वर्गावर डोळे वटारते, ती धमाल! डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा तो जन्मदिवस. पण याच तारखेला आणखी एका बड्या असामीचा वाढदिवस येतो. या गृहस्थानं शाळेत कधी शिकवलं नाही. पण एकदा त्यानं तब्बल ७२ हजारांचा वर्ग घेतला! खडू नाही, फळा नाही, हजेरीपट तर नाहीच नाही. आणि सगळा वर्ग एका सुरात उत्तर देत होता. आहे की नाही कमाल?

त्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी. इंग्लंडमधल्या 'क्वीन' या रॉक बँडचा गायक.

"आता हा कोण बुवा साहेब?" असं आजोबांनी चहा पिता पिता विचारलं, तर त्यांना शांतपणे सांगा, "आजोबा, हा साहेब आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलाय!" आजोबांचा चष्मा नाकावर घसरतो की नाही बघा.

मला हे कळलं तेव्हा माझाही घसरला होता. मी वाईचा. पसरणीचा घाट चढला की आलीच पाचगणी. लहानपणी त्या घाटातून मी एसटीनं पन्नास वेळा तरी गेलो असेन. खिडकीशी बसून, गाडी लागू नये म्हणून लिंबू हुंगत. आणि त्याच डोंगरावर जगातला एक महा-ऐटबाज गायक आठ-नऊ वर्षं राहून गेला होता, हे मला एकानंही सांगितलं नव्हतं!

तर त्याची गोष्ट अशी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबार नावाचं बेट आहे, लवंगांसाठी प्रसिद्ध. तिथल्या स्टोन टाउनमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी बोमी आणि जेर बलसारा या पारशी जोडप्याला मुलगा झाला. नाव ठेवलं फारोख. बलसारा म्हणजे मूळचे बलसारचे. गुजरातेतल्या आजच्या वलसाडचं ते जुनं नाव. वडील सरकारी कचेरीत रोखपाल. घरात शिस्त, प्रार्थना आणि चोख हिशेब. अशा घरात हे वादळ जन्मलं!

फारोख आठ वर्षांचा झाला आणि त्याची रवानगी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत झाली. विचार करा हं. तुमच्यातल्या तिसरीतल्या धाकट्या भावाला एकट्याला अरबी समुद्रापलीकडे पाठवलंय. आई-बाबा तिकडे, तो इकडे. आजच्यासारखं मोबाइल काढला, चेहरा बघितला आणि "जेवलास का?" विचारलं, असं काही तेव्हा नव्हतं. पत्र जाणार, पत्र येणार. मधे नुसती वाट बघणं.

या मुलानं मग काय केलं? तो पियानो शिकला. टेबल टेनिस खेळला. एवढासा जीव, पण मुष्टियुद्धातही उतरला. बाराव्या वर्षी शाळेची अष्टपैलू विद्यार्थ्याची ढालही पटकावली. 'फारोख'चा 'फ्रेडी' झाला तोही इथंच. आणि १९५८ च्या सुमारास पाच मित्रांनी मिळून शाळेत एक बँड काढला, 'द हेक्टिक्स'. तुम्हाला वाटेल, फ्रेडी पुढे उभा राहून गात असेल. छे! गाणारा दुसराच होता. आपले राजेसाहेब मागे, पियानोवर!

आता त्याच्या दातांविषयी बोलू. हसू नका!

फ्रेडीच्या तोंडात मागच्या बाजूला चार दात जास्तीचे होते. एसटीत मागून लोक चढत राहिले की पुढचे दारापर्यंत ढकलले जातात ना, तसे या चौघांनी त्याचे पुढचे दात बाहेर ढकलले होते. शाळेतली मुलं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची. म्हणजे आपल्या भाषेत 'फावड्या'. हा शब्द मला चांगला ठाऊक आहे, कारण मीही तो पाचवीपासून दहावीपर्यंत रोज ऐकलाय. माझेही पुढचे दोन दात घराबाहेर पडलेले. शाळेच्या सगळ्या वर्गफोटोंत मी असा दिसतो, की जणू फोटोग्राफरनं ऐन गुळणी भरताना मला गाठलंय. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले! चिडवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी आठवतही नाही आपण काय बोललो ते. पण ऐकणारा मात्र हसायचं झालं तर आधी हात तोंडाकडे नेतो. मग तीच सवय लागते.

फ्रेडीलाही लागली होती. जगभर नाव झालं तरी हसताना तो वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायचा. मग पैसा हातात आल्यावर त्यानं दात नीट का करून घेतले नाहीत? कारण त्याला भीती वाटायची, की दात हलवले तर आवाजही हलेल. तोंडातल्या त्या जादा जागेमुळेच आपला आवाज असा घुमतो, असं तो मानायचा. २०१६ साली युरोपातल्या काही शास्त्रज्ञांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. गाताना लांबवलेल्या सुराला जो कंप येतो, तो फ्रेडीच्या गळ्यात सेकंदाला सातेक वेळा यायचा, म्हणजे नेहमीच्या शिकलेल्या गायकांपेक्षाही भरभर, असं त्यांना आढळलं. त्यात गळ्याचा वाटा किती आणि दातांचा किती, ते दातच जाणोत!

(एक सूचना: तुमच्या दातांना डॉक्टरांनी तार लावायला सांगितली असेल, तर गुपचूप लावा. 'फ्रेडीनं कुठं लावली होती?' हे कारण तुमच्या आईसमोर एक मिनिटही टिकणार नाही.)

पुढची गंमत ऐका. २०१८ साली फ्रेडीच्या आयुष्यावर चित्रपट आला. त्याचं काम करणाऱ्या रामी मालेक या नटाला खास नकली दात बनवून बसवावे लागले! २०१९ साली त्याला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ज्या दातांवरून पाचगणीत पोरं चिडवायची, ते दात असल्याशिवाय फ्रेडीच होता येईना!

बरं, आपण पाचगणीहून एकदम हॉलिवुडला पोचलो. जरा मागे येऊ.

१९६३ साली फ्रेडी झांझिबारला परत गेला. जेमतेम वर्ष झालं आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथं रक्तरंजित क्रांती झाली. बलसारा कुटुंबानं जीव मुठीत धरून इंग्लंड गाठलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता. परका देश, साधं घर, कडाक्याची थंडी. त्यानं चित्रकलेच्या महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. पैशांसाठी विमानतळावर सामानाची चढउतार केली, लंडनच्या बाजारात जुने कपडे विकले. आणि १९७० साली 'क्वीन' उभा राहिला.

पालकहो, हा परिच्छेद मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही. कारण हा बँड शिकलेल्यांचा होता. गिटारवाला ब्रायन मे खगोलशास्त्राचा अभ्यासक. त्यानं आपली गिटार वडिलांच्या मदतीनं घरीच बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून! गाण्यापायी त्याची पीएच.डी. अर्धवट राहिली, ती त्यानं २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी पुरी केली. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. आणि ड्रम बडवणारा रॉजर टेलर आधी काय शिकत होता सांगा पाहू? दंतवैद्यक! गायक असा आणि ड्रमवाला दाताचा अर्धा डॉक्टर! नियतीलाही विनोदबुद्धी असते ती अशी.

'क्वीन' म्हणजे राणी. चार धटिंगण पुरुष आणि नाव राणी! हे नाव फ्रेडीचं. बँडचं बोधचिन्हही त्यानंच काढलं. त्यात चौघांच्या पाश्चात्त्य राशी आहेत. दोघे सिंहेचे म्हणून दोन सिंह, एक कर्केचा म्हणून खेकडा, आणि स्वतः कन्येचा म्हणून दोन पऱ्या. वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. स्वतःचं आडनावही त्यानं बदलून 'मर्क्युरी' केलं. मर्क्युरी म्हणजे बुध ग्रह, आणि पाराही. पारा कधी चिमटीत सापडतो का?

फ्रेडीची खासियत काय होती सांगू? मोडलेलं, वाकडं, कुणी नको म्हटलेलं असं काही त्यानं फेकून दिलं नाही. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात त्याच्या मायक्रोफोनचा उभा दांडा मधोमध तुटला. दुसरा कुणी ओशाळून थांबला असता. यानं तो अर्धा दांडा उचलला, राजदंडासारखा फिरवला आणि गाणं चालू ठेवलं. मग आयुष्यभर अर्धाच दांडा! आज नुसती सावली दाखवली, हात वर आणि हातात अर्धा दांडा, तरी लोक ओळखतात हा कोण ते.

१९७५ चं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हे गाणं घ्या. तेव्हा रेडिओवर तीनेक मिनिटांची गाणी वाजत. हे जवळजवळ सहा मिनिटांचं! सुरुवात हळव्या गाण्याची, मधे इटालियन संगीतनाटकाचा गलका, मग धडाडधूम रॉक. एकाच ताटात पुरणपोळी, मिसळ आणि तांबडा रस्सा! फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन, आवाजावर आवाज चढवून तो सगळा घोळका उभा केला. फीत इतक्या वेळा फिरवली, की ती झिजून आरपार दिसायला लागली. "एवढं लांब गाणं कोण लावणार?" असं जाणकार म्हणाले. लंडनच्या एका निवेदकानं ते दोन दिवसांत चौदा वेळा लावलं. गाणं इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

माझी भाची आठवीत आहे. तिला हे सगळं सांगत होतो तर म्हणाली, "मामा, म्हणजे दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी, ते यांचंच ना? आमच्या कबड्डीच्या सामन्यात करतो आम्ही."

"यांचंच. पण ते १९७७ चं गाणं ब्रायनचं. प्रेक्षकांनाही काहीतरी करता यावं, म्हणून त्यानं ते तसं रचलं. श्रेय ज्याचं त्याला द्यावं."

"आणि फ्रेडी काय काय करायचा?"

काय नाही करायचा! म्युनिकच्या हॉटेलात टबात आंघोळ करताना त्यानं एक अख्खं गाणं रचलं. (तुम्ही न्हाणीघरात गाता तेव्हा बाहेरून दार का ठोठावतात, कोण जाणे!) १९८० साली त्यानं मिशा ठेवल्या, तर नाराज चाहत्यांनी रंगमंचावर दाढीची पाती फेकली. मिशा राहिल्या त्या राहिल्याच. २०२३ साली लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात मिशी विंचरायची एक चिमुकली चांदीची फणी होती. अंदाज होता ४०० ते ६०० पौंडांचा. विकली गेली १,५२,४०० पौंडांना! म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. आमच्या वाईत एवढ्यात फणीसकट वाडा येईल.

मांजरांवर त्याचा भारी जीव. दौऱ्यावर असला की घरी फोन करायचा आणि मांजरांशी बोलायचा. तिकडे कुणीतरी एकेका मांजराला उचलून फोनपाशी धरायचं! १९८५ चा आपला एकट्याचा अल्बम त्यानं जेरी नावाच्या मांजराला अर्पण केलाय. १९९१ च्या अल्बममध्ये त्याच्या लाडक्या डिलायला मांजरीवर गाणं आहे, आणि त्यात खगोलशास्त्रज्ञ ब्रायननं गिटारमधून चक्क म्यांव काढलंय.

१९८६ साली बुडापेस्टला कार्यक्रम होता. तिथल्या लोकांसाठी त्यानं त्यांचं हंगेरियन लोकगीत म्हटलं. भाषा येत नव्हती. मग? शब्द तळहातावर लिहून आणले होते! पठ्ठ्या सगळ्यांदेखत हात बघत गायला आणि ते प्रचंड मैदान हरखून गेलं. परदेशी पाहुण्यानं आपलं गाणं म्हणण्यासाठी एवढी धडपड केली, याचंच लोकांना अप्रूप. (परीक्षेत तळहात वापरू नका. तिथं मैदान हरखत नाही.)

आता तो ७२ हजारांचा वर्ग. १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. एकाहून एक नामवंत कलाकार, प्रत्येकाला वीसेक मिनिटं. वेळ संपत आली हे कळावं म्हणून रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे लावलेले. क्वीननं आधी घड्याळ लावून तालीम केली होती. फ्रेडी आला तो भर उजेडात, अंगात पांढरा गंजीफ्रॉक आणि साधी जीन्स. ना मुकुट, ना झगा. मधेच त्यानं गाणं थांबवलं आणि एक सूर लावला. नुसता सूर, शब्द नाही. मैदानानं तो परत केला. त्यानं जरा अवघड सूर लावला. तोही परत आला. मग लांबलचक, वळणावळणाचा. आपण त्याला पुन्हा वर्गच म्हणू, कारण गुरुजी म्हणतात आणि मुलं मागे म्हणतात, तसंच चाललं होतं. अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटलं, हा मलाच विचारतोय. आजही रॉकमधल्या सर्वोत्तम वीस मिनिटांची चर्चा निघाली की त्या वीस मिनिटांचं नाव हटकून निघतं.

आणि हाच माणूस रंगमंचावरून उतरला की लाजाळू! अनोळखी लोकांत अवघडायचा, मुलाखती टाळायचा. झांझिबारबद्दल, पाचगणीबद्दल फारसं बोलायचाच नाही. दात बदलले नाहीत, पण हसताना ओठ ओढून घेणं शेवटपर्यंत सुटलं नाही. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. ७२ हजारांसमोर धीट असलेला माणूस घरात चार लोकांसमोर संकोचू शकतो. दोन्ही खरंच असतं. वर्गात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्यालाही काहीतरी लपवावंसं वाटत असेल, आणि जो ओठ मिटून बसलाय त्याच्या आत कुठला सूर आहे, ते आपल्याला कुठं ठाऊक असतं?

पुढची गोष्ट हळू आवाजात सांगतो. फ्रेडीला एड्स झाला. त्या काळात त्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. आज वेळेवर औषधं घेतली तर एचआयव्हीची लागण झालेला माणूस दीर्घायुष्य जगू शकतो. फ्रेडीला ती संधी मिळाली नाही. शरीर थकत चाललं, चालणं अवघड झालं, तरी १९९१ च्या मे महिन्यापर्यंत तो स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावच्या स्टुडिओत जाऊन गात होता. जमेल तेवढं मुद्रित करून ठेवत होता, म्हणजे मागे राहिलेल्यांना पुरं करता येईल. त्यांनी १९९५ साली ते पुरं केलंही. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आपला आजार जगाला सांगितला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो गेला. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी त्याचे अंत्यविधी केले. जगाचा फ्रेडी त्या दिवशी पुन्हा बोमी-जेरचा फारोख झाला. एप्रिल १९९२ मध्ये त्याच्या आठवणीसाठी वेम्बली पुन्हा भरलं, आणि एड्सशी लढण्यासाठी त्याच्या मित्रांनी काढलेली संस्था त्यातून उभी राहिली.

पण वाढदिवसाच्या दिवशी डोळे पुसत बसलेलं त्याला चाललं नसतं. म्हणून त्याला मिळालेल्या दोन भेटी सांगतो. २०१६ साली, त्याच्या सत्तराव्या जन्मदिनी, मंगळ आणि गुरू यांच्या मधून फिरणाऱ्या १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहाला 'फ्रेडीमर्क्युरी' नाव मिळाल्याचं जाहीर झालं. जाहीर कुणी केलं? आपल्या गिटारवाल्या डॉक्टर ब्रायननं!

दुसरी भेट मला जास्त आवडते. २०१३ साली केरळातल्या दलदलीच्या जंगलात शास्त्रज्ञांना झाडावर राहणाऱ्या बेडकाची एक नवी जात सापडली. ते होते फ्रेडीचे चाहते. त्यांनी बेडकाच्या कुळाचं नाव ठेवलं 'मर्क्युराना'. शिवाय जंगल सह्याद्रीतलं, आणि फ्रेडीचं बालपणही याच सह्याद्रीच्या पाचगणीत गेलेलं.

भाचीला हे सांगितलं तर ती खो खो हसली. "एवढा मोठा राजा आणि भेट काय, तर बेडूक!"

मला विचाराल तर याहून शोभेशी भेट नाही. एवढासा जीव, चिखलात राहतो, पण गळा काढला की सगळ्या रानाला ऐकू जातं. फ्रेडी, वाढदिवसाच्या शुभेच्छा! तुझ्या नावानं सह्याद्रीत अजून कोणीतरी गातंय.